खेदबाईंची माफी

लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीचा तक्रार विभाग दुसऱ्या मजल्यावर होता, आणि तिथे जायला सगळे जिना वापरत. आपल्याच लिफ्टवर भरवसा नव्हता असं नाही. दोन मजल्यांसाठी ताटकळत कोण उभं राहणार, एवढंच. विभाग म्हणजे तीन टेबलं, मनात येईल तेव्हा चालणारा एक प्रिंटर आणि खिडकीत एक कुंडी. कुंडीला येणारा-जाणारा प्रत्येक जण पाणी घालत असल्यामुळे रोप कुजत चाललं होतं. कुंडीजवळच्या टेबलावर खेदबाई बसत.

हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. कंपनीकडून गिऱ्हाइकाला जाणारं प्रत्येक उत्तर त्या लिहीत, वर इंग्रजीत आणि खाली मराठीत. लिफ्ट बंद पडो, दिवा जावो, दार अडको, वर 'वुई रिग्रेट' आणि खाली 'आम्हाला खेद आहे'. एकदा कॅन्टीनमध्ये कुणीतरी 'खेदबाई आल्या' म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांनी मनावर घेतलं नाही. हिशेब विभागातल्या माणसाला सगळे कात्री म्हणत, त्यापेक्षा हे बरं, असं त्या म्हणत.

खेदाची दीक्षा त्यांना वकीलसाहेबांनी दिली होती, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. वकीलसाहेब म्हणजे कंपनीचे कायद्याचे अधिकारी. किडकिडीत, हळू बोलणारे, बोलताना टायच्या टोकाने चष्मा पुसणारे.

"बाई, शब्द दोन आहेत," ते म्हणाले होते. "रिग्रेट आणि अपॉलजाइज. लोकांना वाटतं एकच. पण फरक आहे, आणि माझा पगार त्या फरकावर चालतो. तुम्ही सहलीला निघालात आणि पाऊस आला, तर मी म्हणेन, आय रिग्रेट. मला वाईट वाटलं, पण पाऊस काही मी पाडला नाही. आणि तुमच्या कागदांवर माझ्या हातून चहा सांडला, तर म्हणेन, आय अपॉलजाइज. कारण कप माझ्या हातात होता. आपल्या पत्रांत कप कधीच आपल्या हातात नसतो. कळलं?"

"आणि सॉरी?" खेदबाईंनी विचारलं होतं.

"सॉरी पत्रात लिहायचाच नाही. त्याला आगा ना पिछा. माणूस मेला तरी सॉरी आणि धक्का लागला तरी सॉरी."

खेदबाईंना हे आवडलं. इतकी वर्षं इंग्रजी शिकून जे कुणी सांगितलं नव्हतं ते यांनी चहाच्या कपात सांगितलं. पुढे पत्रांची मराठी करता करता त्यांनी आपल्यापुरता आणखी थोडा विचार केला. आपल्याकडे 'माफ' हा शब्द फार सैल झालाय. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं तर 'माफ कर बाबा, पुढे जा' म्हणायचं. त्यात माफी कुठे असते? उलट 'माफी मागणं' मात्र भारी अवघड. इंग्रजीतला माणूस अपॉलजाइज करून मोकळा होतो. मराठीत मागावी लागते, आणि मागितलेली वस्तू समोरचा देईलच असं नाही. त्यापेक्षा खेद बरा. खेद आपला आपल्याजवळ असतो. वाटला म्हणून सांगितलं, कुणापुढे हात पसरायला नको.

घरीही हेच चाललं होतं. खेदबाईंचे यजमान लोकांना गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या शिकवणीतला पहिला धडा क्लच, दुसरा ब्रेक आणि तिसरा हा, की कुणाला ठोकलंत तर गप्प उभं राहायचं. "रस्त्यावर जो पहिला सॉरी म्हणतो, गुन्हा त्याच्या नावावर," असं ते सांगत. सासूबाईंची तऱ्हा वेगळी. त्यांनी जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. काही चुकलं तर ज्याला दुखावलं त्याचे कपडे घेऊन त्या इस्त्रीला बसत. सकाळी उठल्यावर आपले सगळे कपडे कडक इस्त्रीत रचलेले दिसले, की खेदबाई ओळखत, काल सासूबाईंनी शेजारी जाऊन आपल्याबद्दल काहीतरी बोलून ठेवलंय.

असं सगळं सुरळीत चालू असताना एका शुक्रवारी ती तक्रार आली. एका पाचमजली इमारतीत चौथ्या मजल्यावर ब्यूटी पार्लर होतं. पार्लरवालीने लिहिलं होतं, 'आमच्या मजल्यावर लिफ्ट बरोबर थांबत नाही. फरशीपेक्षा वीतभर खाली थांबते. बायका ठेचकाळतात. माणूस पाठवा.'

खेदबाईंनी पाच मिनिटांत उत्तर धाडलं. खेद होताच. मग तक्रार कॉम्प्युटरवर चढवली आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबल्या. त्या रकान्यात दोनच पर्याय होते, 'तातडीचे' आणि 'नेहमीचे'. वीतभर खाली म्हणजे तातडीचंच. इतक्या वर्षांत एवढं त्यांना कळत होतं. पण मागच्याच महिन्यात दुरुस्ती विभागाच्या प्रमुखांनी चारचौघांत त्यांना सुनावलं होतं. "बाई, तुमच्याकडून येणारं सगळंच तातडीचं असलं तर तातडी उरते कुठे? आमची माणसं काय हवेतून येतात?" ते शब्द त्यांना लागले होते. शिवाय त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तातडीच्या सहा तक्रारी आधीच जाऊन बसल्या होत्या. सातवी पाठवली की प्रमुखांचा फोन येणार, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा आवाज ऐकायची खेदबाईंची मुळीच तयारी नव्हती. त्यांनी 'नेहमीचे' निवडलं, पर्स उचलली आणि घरी गेल्या.

नेहमीच्या कामाला माणूस जायला दहा-पंधरा दिवस लागत. मंगळवारी पार्लरवाली धुवायच्या टॉवेलांची बादली घेऊन खाली निघाली. दार उघडलं, तिने सवयीने पाऊल टाकलं. या खेपेला लिफ्ट वीतभर नाही, चांगली हातभर खाली होती. ती बादलीसकट आत कोसळली. उजवा पाय घोट्याशी दोन ठिकाणी मोडला.

बातमी इमारतीच्या रखवालदाराने फोनवरून दिली. खेदबाईंनी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसल्या. मग उठून वकीलसाहेबांच्या खोलीत गेल्या, कारण अपघाताचं पत्र त्यांना विचारल्याशिवाय जात नसे.

"आधी तक्रार आली होती?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"आली होती."

"कशी नोंदवली गेली?"

"नेहमीची."

"कुणी?"

"मी."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "हे पत्रात येणार नाही."

"ते कळलं मला."

ते सांगत गेले आणि खेदबाई लिहीत गेल्या. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल' इथपर्यंत आल्यावर खेदबाईंचा हात थांबला.

"साहेब, पाय मोडलाय. गैरसोय कसली?"

वकीलसाहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. मग 'घडलेल्या घटनेबद्दल' लिहा."

घटना घडते, ती कुणी घडवत नाही. खेदबाईंनी तसं लिहिलं. वर 'वुई डीपली रिग्रेट', खाली 'आम्हाला तीव्र खेद आहे'. उपचाराचं विमा कंपनी बघणार होती. माणूस जाऊन लिफ्ट दुरुस्तही करून आला. पत्र गेलं.

आठवड्याने उत्तर आलं, चार ओळींचं. 'तुमचं पत्र मिळालं. इंग्रजी मला कामापुरतं येतं, म्हणून खालचंही वाचलं. तुम्हाला खेद आहे म्हणता. खेद मलाही आहे, पाय माझा आहे. पुढे काही लिहिणार आहात का?'

खेदबाई कागद घेऊन पुन्हा वकीलसाहेबांकडे गेल्या. त्यांनी वाचला आणि परत केला. "पुढे काही नाही. फाइलला लावा."

"त्यांनी प्रश्न विचारलाय."

"प्रश्न विचारायला त्या मोकळ्या आहेत, बाई. उत्तर द्यायला आपण नाही."

त्या रात्री जेवताना खेदबाईंचं घास गिळण्यात लक्ष नव्हतं. यजमानांनी दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं, त्या रकान्यासकट. यजमान जेवायचे थांबले.

"तू काय मुद्दाम केलंस का?"

"नाही."

"मग झालं तर. एवढ्या मोठ्या कंपनीत रकान्यातल्या एका खुणेला कोण विचारतो?"

"मी विचारतेय."

"आणि समजा तिला जाऊन सांगितलंस, तर होईल काय? तिचा पाय जुळेल? उलट नोकरी घालवून बसशील. आपण होऊन कशाला पायावर धोंडा पाडून घ्यायचा?"

सासूबाईंनी ताटावरून मान वर केली. त्या म्हणाल्या, "मोडलेल्या माणसाला भेटून यायला कंपनीची परवानगी लागते का रे?"

"आई, तू मधे पडू नकोस."

"मी कुठे मधे आहे? मी तर कडेला बसलेय."

यजमानांना हसू आलं आणि विषय तिथेच राहिला. खेदबाईंनी मात्र मनात शनिवार धरला. शनिवारी त्यांचं ऑफिस अर्धा दिवस असे.

त्या इमारतीत गेल्या तेव्हा आधी लिफ्टसमोर उभ्या राहिल्या. आत आपल्याच कंपनीचा पत्रा होता, त्यावर तक्रारीसाठीचा नंबर, म्हणजे त्यांच्याच टेबलावरचा. चौथ्या मजल्यावर दार उघडल्यावर त्यांनी चपलेचं टोक पुढे करून फरशी चाचपली. लिफ्ट अगदी बरोबर थांबली होती. रेषभर फरक नाही.

पार्लर लहान होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, हवेत शाम्पूचा वास. पार्लरवाली कोपऱ्यात उंच स्टुलावर बसली होती, प्लास्टरमधला पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून. चाळिशीची, रुंद खांद्यांची, आवाज खणखणीत. केस कापायचं काम तिची भावजय करत होती आणि ही बसल्या जागेवरून सूचना देत होती. भावजयीच्या चेहऱ्यावरून सूचना नको झाल्याचं दिसत होतं.

"या, बसा," पार्लरवाली म्हणाली. "जरा घाई असेल तर आत्ताच बसा, चारनंतर गर्दी होते."

खेदबाई काही बोलायच्या आत भावजयीने त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि फवाऱ्याने केस ओले करायला सुरुवात केली. आता उठून 'मी गिऱ्हाईक नाही' म्हणणं विचित्र दिसलं असतं. बाईंच्या केसांतून पाणी कानावर उतरलं.

"किती कमी करायचे?" भावजयीने विचारलं.

खेदबाई आरशात बघत होत्या. आरशात मागे पार्लरवाली दिसत होती, आणि ती यांच्याकडेच बघत होती.

"मी लिफ्टच्या कंपनीतून आलेय," खेदबाई आरशाला म्हणाल्या. "तुम्हाला ते पत्र मी लिहिलं होतं."

भावजयीची कात्री हवेत राहिली. पार्लरवाली हलली नाही.

"कंपनीने पाठवलं?"

"नाही. कंपनीला माहीत नाही. मी माझी आलेय." थांबलं तर पुन्हा सुरू करता येणार नाही हे खेदबाईंना कळत होतं. "तुमची पहिली तक्रार माझ्याकडेच आली होती. ती तातडीची म्हणून पाठवायला हवी होती. मला ते कळत होतं. मी नेहमीची म्हणून पाठवली. आमचे एक साहेब ओरडतात, त्यांचा फोन नको होता म्हणून. दुसरं काही कारण नाही. तातडीची केली असती तर माणूस शनिवारी आला असता, आणि तुम्ही पडला नसतात. माझं चुकलं. मी माफी मागायला आलेय."

रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. पार्लरवालीने प्लास्टरच्या कडेला बोट घालून खाजवलं.

"फोन नको म्हणून," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं होतं, पैसे वाचवायला माणूस पाठवला नसेल. नाहीतर तक्रार तुमच्याकडेच कुठे गहाळ झाली असेल. रात्री झोप येत नाही ना, असले विचार करत बसते मी." ती जरा थांबली. "हे असलं काही डोक्यात आलं नव्हतं."

खेदबाईंनी आरशातून तिच्या प्लास्टरकडे पाहिलं.

"मी उभ्याने काम करणारी बाई आहे," पार्लरवाली पुढे म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डॉक्टर म्हणतो पाय जुळेल, पण दिवसभर उभं राहता येईल की नाही ते वर्षभराने कळेल. हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगतेय."

"बरं झालं सांगितलंत."

"आत्ता म्हणालात ते लिहून द्याल?"

खेदबाईंना यजमानांचा तिसरा धडा आठवला, वकीलसाहेबांचा कप आठवला. "देते," त्या म्हणाल्या. "सोमवारी."

"बरं." पार्लरवालीने भावजयीकडे मान वळवली. "अगं, उभी काय राहिलीस? केस ओले करून ठेवलेत त्यांचे. दोन बोटं काढ आणि मागून नीट सरळ घे, गेल्या वेळेसारखं नको."

भावजयीने दोन बोटं केस काढले. मागून ते किंचित तिरकेच झाले. निघताना खेदबाईंनी पैसे पुढे केले. पार्लरवालीने ते घेतले आणि सुटे परत दिले, इतर कुणाचेही घेतले असते तसे.

सोमवारी खेदबाईंनी पत्र टाइप केलं. पहिलं वाक्य नेहमीचंच ठेवलं, 'वुई रिग्रेट'. ते खोटं नव्हतं. कंपनीला खेद होता, असला तर. मग त्या खूप वेळ पुढच्या ओळीपाशी थांबल्या. 'वुई अपॉलजाइज' लिहायचा त्यांना अधिकार नव्हता. कंपनीच्या वतीने माफी मागायला त्या कोण? पण कंपनीने त्यांना 'वुई'च दिला होता. 'आय' मात्र कुणी दिलेला नव्हता आणि म्हणून कुणी काढूनही घेऊ शकत नव्हतं. त्यांनी नव्या ओळीवर 'आय' लिहिलं. शनिवारी भेटून सांगितलं तेच पुन्हा, आपल्याकडे तक्रार आली, आपण ती चुकीची नोंदवली, ती तातडीची होती, 'आय अपॉलजाइज'. खाली मराठीत, 'चूक माझी आहे. मी तुमची माफी मागते.' विभागाच्या नावाऐवजी स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि सही केली. इतक्या वर्षांत त्यांच्या पत्रावर त्यांचं नाव पहिल्यांदाच आलं. एक प्रत पाठवली आणि एक स्वतः नेऊन वकीलसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

वकीलसाहेबांनी वाचलं. या खेपेला चष्मा पुसला नाही.

"गेलं का हे?"

"गेलं."

"बाई, कंपनीच्या कागदावर 'वुई' लिहा नाहीतर 'आय' लिहा, कोर्ट दोन्हीत फरक करणार नाही."

"कोर्ट करणार नाही. मला करायचा होता."

"तुम्हाला वाटतं मला फरक कळत नाही? मीच शिकवला तुम्हाला." त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा वर गेला, मग खाली आला. "मला वर सांगावं लागेल. तुमच्यासाठी जेवढं करता येईल तेवढं करीन, पण या टेबलावर तुम्हाला आता ठेवता येणार नाही."

"ते धरूनच चालले होते."

खेदबाई उठल्या. त्या दारापर्यंत पोहोचल्या तेव्हा वकीलसाहेब मागून म्हणाले, "काय म्हणाली ती? तुम्ही सांगितल्यावर?"

"बरं म्हणाली."

"एवढंच?"

"केस कापून घ्या म्हणाली."

वकीलसाहेबांनी पत्र फाइलला लावलं. "घरात, बाहेर, 'माझं चुकलं' असं मी शेवटचं कुणाला म्हणालो ते आठवत नाही मला," ते म्हणाले. "सवयच मोडली." आणि त्यांनी फोन उचलला.

पार्लरवालीचं उत्तर बुधवारी आलं. 'पत्र मिळालं.' त्यापुढे काही नव्हतं. घरी सासूबाईंनी विचारलं, "केलं का तिनं माफ?"

"मिळालं म्हणाली."

"मग तेवढं पुष्कळ आहे," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी यजमानांनी खेदबाईंना ऑफिसच्या फाटकापर्यंत गाडीने सोडलं, एरवी ते कधी सोडत नसत.

नोकरी गेली नाही. खेदबाईंना तळघरात सुट्या भागांच्या गोदामात पाठवलं. तिथे दारांचे रोलर, बटणं आणि दोरखंडांच्या कप्प्या यांच्यात त्यांचे दिवस जाऊ लागले. सुरुवातीला जड गेलं. लोखंडाचा आणि ग्रीसचा वास घरापर्यंत यायचा, आणि सबंध दिवसात चार माणसांशी बोलणं होत नसे. मग अंगवळणी पडलं. वरच्या टेबलावर एक नवा माणूस आला. कॅन्टीनमध्ये त्याला आठवड्याभरात खेदराव नाव मिळालं.

पार्लरवालीच्या वकिलाने ते पत्र आपल्या कागदांना जोडलं, आणि पुढे कंपनीने तिच्याशी तडजोड केली. पत्रामुळे कंपनीचं किती बिघडलं हे वकीलसाहेबांनी कधी सांगितलं नाही आणि खेदबाईंनी विचारलं नाही. एवढं मात्र झालं, की लिफ्ट फरशीच्या खाली-वर थांबल्याची तक्रार आली तर ती आपोआप तातडीची धरली जाईल, असा कॉम्प्युटरमध्ये बदल झाला. त्यासाठी वर गेलेल्या टिपणावर वकीलसाहेबांची सही होती. टिपणात कुणाच्या चुकीचा उल्लेख नव्हता.

वर्ष उलटून गेल्यावर एका संध्याकाळी खेदबाई भाजी घेऊन चौकात सिग्नलपाशी उभ्या होत्या. रस्त्याच्या पलीकडे पार्लरवाली उभी दिसली. काठी नव्हती, पण वजन सगळं डाव्या पायावर होतं. दिवा बदलला आणि दोन्हीकडची माणसं निघाली. पार्लरवाली सावकाश चालत होती, उजवं पाऊल जपून टाकत. रस्त्याच्या मधोमध दोघी समोरासमोर आल्या. तिने खेदबाईंना ओळखलं. हसली नाही, तोंडही फिरवलं नाही. मान किंचित हलवली. खेदबाईंनीही हलवली. एवढ्यात वाट बघणाऱ्या गाड्या गुरगुरायला लागल्या, तशा दोघी आपापल्या बाजूला गेल्या.